वडील अन्यत्र राहतात

४ मार्च, सोमवार

ताई,

फोन तू उचलत नाहीस आणि दाराशी आले तर उघडशील याची खात्री नाही, म्हणून लिहिते. पत्र फाडायच्या आधी माणूस चार ओळी तरी वाचतोच.

यादी लागली त्या दिवशी तू आमच्या ऑफिसच्या फलकासमोर उभी होतीस. मी काचेतून पाहिलं. अठरा घरं, अठरा नावं आणि त्याखाली प्रतीक्षा यादी. तू बोट वरून खाली नेत सव्विसाव्या नावाशी थांबलीस आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलीस, जसं काही वाचण्यात चूक झाली असावी. मी उठून बाहेर यायला हवं होतं. टेबलावर फायली पडल्या आहेत, असं कारण मी स्वतःला दिलं. फायली रोजच पडलेल्या असतात.

तुला वाटतं तशी आमची संस्था नाही, एवढं सांगायचं होतं. आमच्या गृहसंस्थेला मालक नाही. कार्यकारिणीतली माणसं बिनपगारी काम करतात. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्या ऑफिसातला चहासुद्धा फुकट पीत नाहीत. भाडं घ्यायचं ते भाडेकरूला झेपेल एवढंच आणि उरेल ते लिफ्ट, गळक्या टाक्या, पुढची इमारत यांत घालायचं. बाजारात ज्यांना कुणी दारात उभं करत नाही त्यांच्यासाठी ही घरं. म्हणून तर अठरा घरांना चारशे अर्ज येतात आणि म्हणून गुण द्यावे लागतात. खोलीत माणसं किती, ओल किती, संडास सामाईक आहे का, म्हाताऱ्या माणसाला जिने किती. ज्याचे गुण जास्त त्याला घर. त्यात बहीणभाऊ बघता येत नाहीत.

फोनवर मी म्हणाले, "भिंत तूच रंगवलीस, आता मी काय करू?" ते जरा तोडून बोलले, त्याबद्दल माफ कर. पण खरं सांग, पाहणीच्या आदल्या रविवारी कुणी भिंत रंगवतं का? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. असो. अर्ज वर्षाने पुन्हा करता येतो. तेव्हा बघू.

बाबांच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवते आहे.

धाकटी


११ मार्च, सोमवार

ताई,

तेल परत आलं. तुझी मुलगी ऑफिसात येऊन बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेली. "मावशी" म्हणाली नाही, "मॅडम" म्हणाली. तिला मी काय बोलणार? तीच जाता जाता थांबली आणि म्हणाली, "आई रोज सकाळी कामाला जायच्या आधी भिंत खरवडते. सुरीने. पुढच्या पाहणीपर्यंत ओल दिसायला पाहिजे म्हणते. आजोबांच्या अंथरुणावर सगळा चुरा पडतो. तुम्ही तिला सांगा ना, बास कर म्हणून."

मी "सांगते" म्हणाले. पण सांगायचं कोणत्या तोंडाने?

पाहणीच्या दिवशीचं लिहिते. तू चौथ्या मजल्याच्या जिन्यात उभी होतीस. शेजारीण ऐकत होती म्हणून तू "या मॅडम" म्हणालीस. आपण बहिणी आहोत हे कुणाला कळू देऊ नकोस, वशिल्याचा बोभाटा होईल, असं मीच तुला बजावलं होतं. नात्यातला अर्जदार असेल तर आम्हाला ते लिहून द्यावं लागतं आणि पाहणी दुसरं कुणी करतं. मी "कुणी नाही" असं लिहून दिलं होतं. तू मला खुर्ची दिलीस आणि स्वतः उभी राहिलीस. खाटेवरून बाबा हात जोडून म्हणाले, "नमस्कार मॅडम. पुढे चला, मागे जागा रिकामी आहे." तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, जित्याची खोड. तुमच्या खोलीत मागे जागा म्हणजे मोरी. तू हसू दाबलंस, मी मात्र कागदात डोकं घातलं.

खोली कशी लख्ख होती! चौघांची अंथरुणं तू शेजारी ठेवून आली होतीस. भांडी उतरत्या क्रमाने लावलेली. इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर चादरी धुणारी बाई घरात डाग कसा राहू देईल? आणि मोरीलगतची ती भिंत, जी मी गेली कित्येक वर्षं काळी बघितलेली आहे, ती दुधासारखी पांढरी. मी तिला हात लावून पाहिला. आम्ही लावतोच. बोटाला रंग लागला. ते बोट मी फायलीला आतून पुसलं आणि लिहिलं, "भिंती कोरड्या."

कुणी घरी येणार असेल तर घर आवरायचं, हे आईने आपल्याला शिकवलं. आमच्या फॉर्मला आवरलेल्या घराचं वावडं आहे. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिने कदाचित विचारलं असतं, "बाई, रंग ओला का?" मला तर विचारायचीही गरज नव्हती. तरी मी कोरडी लिहिलं. बहिणीला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून मी उलट्या बाजूला झुकले.

हे मी कबूल करते. आता तरी सुरी ठेव. हाताला लागेल कुठेतरी.

धाकटी


१९ मार्च, मंगळवार

ताई,

मागचं पत्र टाकून आले आणि मला बरं वाटलं. रस्त्याने चालताना अगदी हलकं वाटलं. तेव्हाच कळलं की मी पुन्हा तेच केलं. लहान चूक पुढे करायची आणि मोठी पाठीमागे लपवायची. लहानपणी फुटलेली बशी दाखवून मी हरवलेलं घड्याळ लपवलं होतं, तुला आठवत असेल. मार तू खाल्लास.

भिंतीचे गुण चार. तू भिंत पार विटांपर्यंत खरवडलीस तरी चारच. त्या चारांनी तू सव्विसाव्यावरून फार तर विसाव्या नंबरावर आली असतीस. घर मिळालं नसतं.

तुझं घर गेलं ते बाबांच्या गुणांमुळे. अर्जात तू लिहिलं होतंस: वडील, वय एकोणऐंशी, गुडघे निकामी, चौथा मजला, लिफ्ट नाही. त्याचे वीस गुण होतात. ते मिळाले असते तर तू सहावी असतीस. त्या ओळीवर मी आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, "वडील अन्यत्र राहतात, भेटीस आले आहेत." खाली माझी सही आहे.

अन्यत्र म्हणजे माझ्या घरी. कागदोपत्री बाबा दहा वर्षं माझ्या घरी राहतात.

मी नवऱ्यापासून वेगळी झाले आणि संस्थेत अर्ज केला तेव्हा एकट्या बाईला एक खोलीसुद्धा मिळायची मारामार होती. मी बाबांचं नाव घातलं. ते तेव्हा खोटं नव्हतं, बाबा खरंच माझ्याकडे राहायला आले. म्हणून मला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. दारापर्यंत पुढेमागे चाकाची खुर्ची यावी म्हणून संस्थेने उतार बांधून दिला. त्या उतारावर मी सायकल ठेवते.

बाबा पाच महिने राहिले. मग मी तुला सांगितलं, बाथरूमचं काम काढलंय, पंधरा दिवस बाबांना ठेवून घे. काम कसलं आलंय! ज्याच्याशी नव्याने संसार मांडायचं माझ्या मनात होतं, असा एक माणूस घरी येऊ लागला होता. बाबा त्याला दारातच विचारायचे, "कुठे उतरणार?" त्याला ते आवडायचं नाही आणि मला त्याच्यासमोर बाबांची लाज वाटायची. हेही लिहिते. मला बापाची लाज वाटली. त्यांच्या खोकल्याची, त्यांच्या बनियनची, त्यांच्या विनोदांची. तो माणूस सहा महिन्यांत उतरून गेला. बाबांना मात्र मी परत आणलं नाही. पुढच्या महिन्यात आणू, पुढच्या महिन्यात आणू, असं करत नऊ वर्षं गेली. पंधरा दिवस झाले की नाही, हे तू एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी भांडले असते आणि भांडणात कदाचित खरं बोलून गेले असते.

घरात कोण कोण राहतं याचं पत्रक आम्हा भाडेकरूंना दर वर्षी भरावं लागतं. दर वर्षी मी बाबांचं नाव लिहिलं. मग संस्थेत मलाच नोकरी मिळाली आणि अशी पत्रकं तपासायचं काम माझ्याकडे आलं. कुंपणच शेत खातं, दुसरं काय. एकाच माणसाचं नाव दोन घरांत आलं की चौकशी लागते. तुझा अर्ज हातात आला तेव्हा चोराच्या मनात चांदणं. कुणी विचारायच्या आत मी रेघ मारली.

आणि एवढं करून मी तुला फोनवर सांगितलं की तू भिंत रंगवलीस म्हणून घर गेलं. तू त्यावर विश्वास ठेवलास.

त्या अठरा घरांमध्ये लोक राहायलाही गेले आहेत. शेवटच्या घराची किल्ली मीच दिली, एका शिवणकाम करणाऱ्या बाईला. तीन मुलं आहेत तिला. तिने उंबऱ्याशी उभं राहून आधी पंख्याचं बटण चालू-बंद करून बघितलं. तिला आता उठवता येणार नाही आणि उठवूही नये.

धाकटी


२ एप्रिल, मंगळवार

ताई,

अध्यक्षबाईंना सांगितलं. तोंडी सांगायला गेले होते, पण शेवटी लिहून नेलेला कागदच पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "किती वर्षं?"

"नऊ."

"आणि सहा वर्षं दुसऱ्यांची पत्रकं तुम्ही तपासलीत."

"हो."

"गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याने सुनेचं नाव लपवलं म्हणून त्याचा अर्ज तुम्हीच बाद केला होतात. मी म्हणत होते जाऊ दे. तुम्ही नियम दाखवलात."

मला तो म्हातारा आठवत होता. मी मान हलवली. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, ते सोसवलं नाही.

नोकरी गेली, ते व्हायचंच होतं. घरही महिनाअखेर सोडायचं आहे. ते प्रतीक्षा यादीत जो पहिला असेल त्याला जाईल. आता नीट वाच. बाबांचे वीस गुण तुझ्या अर्जात परत आले तर ती पहिली तू आहेस. मी तुला माझं घर देते आहे असं कृपा करून समजू नकोस. ते बाबांचं होतं आणि बाबा तुझ्याकडे आहेत.

पण एक घोळ आहे. कार्यकारिणीतले एकजण म्हणाले, "बाईंचं ऐकायचं कसं? काल त्यांनी बहिणीला पाडायला खोटं लिहिलं. आज बहिणीला चढवायला लिहीत नसतील कशावरून?" त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली आहे. म्हणून बाबांचा जबाब घ्यायचं ठरलं. कुठे राहतात, कधीपासून, ते त्यांनी स्वतः सांगायचं. अध्यक्षबाई तुमच्याकडे यायला तयार होत्या, पण बाबांनी तुझ्या मुलीबरोबर निरोप पाठवला, "मीच येतो. या निमित्ताने खाली तरी उतरेन." दीड वर्षात ते खाली उतरलेले नाहीत हे मला त्या निरोपातून कळलं.

धाकटी


१७ एप्रिल, बुधवार

ताई,

काल आत काय झालं ते तुला कळायला हवं. अर्जदाराला जबाबाच्या वेळी बाहेर बसवतात, म्हणून तू कॉरिडॉरमध्ये बाकावर होतीस. भावोजी आणि तुमच्या शेजारचा प्लंबर, दोघांनी बाबांना खुर्चीसकट चार मजले खाली आणलं म्हणे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशाला पेन लावलं होतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे राहता?"

"धाकटीकडे," बाबा म्हणाले. "तळमजला, दोन खोल्या. मोठीकडे अधूनमधून भेटायला जातो."

घडाघडा म्हणाले, एक शब्द न अडखळता. ताई, ते वाक्य माझं आहे. तुझ्याकडे पाठवताना मीच ते त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. संस्थेतलं कुणी विचारलं तर असं सांगा, बाबा. नऊ वर्षांत त्यांना कुणी विचारलं नाही आणि तरी ते विसरले नाहीत.

"या गुडघ्यांनी चौथ्या मजल्यावर अधूनमधून जाता?"

"सावकाश जातो."

"धाकटीच्या खिडकीतून काय दिसतं?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "मैदान. पोरं खेळतात."

त्या मैदानावर संस्थेची इमारत उभी राहून सात वर्षं झाली. माझ्या खिडकीतून तिच्या गॅलऱ्या दिसतात. खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. माझ्यावर शंका घेणारे ते गृहस्थसुद्धा खाली बघू लागले. पण जबाब म्हणजे जबाब. बाबा तोंडाने बोलल्याशिवाय तो लिहिता येत नाही.

मी म्हणाले, "बाबा, मी सगळं खरं लिहून दिलंय. आता तुम्हीही खरं सांगा."

"खरं सांगितलं तर तुझं घर वाचणार नाही."

"हो."

"मग कशाला सांगू?" असं म्हणून त्यांनी अध्यक्षबाईंकडे बघितलं, जणू त्या तरी मला समजावतील.

तेव्हा सगळ्यांसमोर बोलावं लागलं. मी म्हणाले, "बाबा, तेव्हा बाथरूमचं काम नव्हतं. मला तुम्ही घरात नको होतात. म्हणून ताईकडे पाठवलं."

ते म्हणाले, "मला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी मी त्याच बाथरूममध्ये आंघोळ केली होती. गवंडी कुठे दिसला नाही."

एवढंच. रागावले नाहीत. शर्टाची बाही खाली ओढली आणि म्हणाले, "लिहा. मोठीकडे राहतो. नऊ वर्षं झाली. ती सगळं करते. जिने उतरता येत नाहीत." मग खिशातलं स्वतःचं पेन काढून सही केली.

नऊ वर्षं मी मनाला सांगत आले की बाबांना काही कळलं नाही. त्याच एका गोष्टीवर मी जेवत होते, झोपत होते. आता तीही नाही.

सही झाल्यावर ते उठायला लागले आणि पुन्हा बसले. अध्यक्षबाईंना म्हणाले, "एक विचारू? घर मोठीला मिळालं तर दोन खोल्या आहेत. मग धाकटीचं नाव मोठीच्या अर्जात घालता येईल का? तिला आता जागा नाही."

जबाबाचा कागद फायलीत ठेवत अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजोबा, ते मोठीला विचारावं लागेल."

"तिला काय विचारायचं?" बाबा म्हणाले. "ती कधी कुणाला नाही म्हणालीय का?"

ताई, घराचं पत्र तुला या आठवड्यात येईल. त्यात एक रकाना आहे, सोबत राहणाऱ्या व्यक्ती. बाबा तुझ्या मागे लागतील, माझं नाव घाल म्हणून. तू नाही म्हण. माझ्या ओळखीची एक नर्स आहे, तिच्या खोलीत मला जागा मिळते आहे, माझी काळजी करू नकोस. आणि काळजी वाटली तरी नाही म्हण.

काल मी दार उघडून बाहेर आले तेव्हा तू वर बघितलं नाहीस, पण बाकावर थोडी सरकलीस आणि शेजारी जागा केलीस. मी ती बघितली आणि न बसता पुढे गेले. बसले असते तर तुला नाही म्हणता आलं नसतं.

धाकटी